गावची लोकसंख्या आणि गावचा कारभार: कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावकऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी करवीर तालुक्यातल्या एका गावात राहतो. लोकांचे अर्ज लिहून देणं, कोणता कागद कुठं मिळतो ते सांगणं, गरज पडली तर सोबत तालुक्याला जाणं, हे बरीच वर्षं करतोय. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. गावचा आकडा आणि गावचा कारभार एकमेकांत किती गुंतलेत, हे लक्षात आलं की तालुक्याचे निम्मे हेलपाटे वाचतात.

आमच्या गावची लोकसंख्या नक्की किती? चार ठिकाणी चार आकडे दिसतात.

चारही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण प्रत्येकानं वेगळं काहीतरी मोजलेलं असतं. मतदार यादीत फक्त १८ वर्षांवरचे आणि नाव नोंदवलेले लोक असतात. रेशनच्या यादीत कार्डावर नाव असलेले. अंगणवाडीताई आणि आशाताई घरोघर फिरून आपल्या कामापुरती मोजणी करतात, ती सगळ्यांत ताजी असते. सरकारी कामात ‘गावची लोकसंख्या’ म्हटलं की मात्र शेवटच्या जनगणनेचा आकडा धरतात, म्हणजे आज २०११ चा. त्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८,७६,००१ भरली. सगळ्यांत मोठा तालुका करवीर, कारण कोल्हापूर शहर त्यातच येतं. सगळ्यांत कमी वस्तीचा गगनबावडा.

इतकी वर्षं झाली, तरी २०११ चाच आकडा का?

२०२१ ची जनगणना कोविडमुळे झालीच नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. आधी घरांची यादी, मग फेब्रुवारी २०२७ मध्ये माणसांची मोजणी, असे दोन टप्पे. या वेळी माहिती मोबाइलवर भरली जाणार असून जातही विचारली जाणार आहे. सगळ्या जातींची अशी मोजणी याआधी १९३१ साली झाली होती.

मधल्या काळात ज्या गावांच्या कडेला प्लॉट पडले, नव्या कॉलन्या उठल्या, त्यांचं नुकसान झालं आहे. पाचगाव, उचगाव, मोरेवाडी, कळंबा ही शहराला खेटून असलेली गावं डोळ्यांदेखत वाढली. पाण्याच्या टाकीपासून कचऱ्याच्या गाडीपर्यंत सगळं आजच्या माणसांना पुरवायचं आणि हिशेब २०११ च्या माणसांवर, अशी त्यांची ओढाताण आहे.

पोरगा पुण्याला, लेक मुंबईला. त्यांना गावात मोजलं का?

२०११ चा नियम असा होता: ९ ते २८ फेब्रुवारी ही मोजणीची मुदत. त्या वीस दिवसांत जो माणूस एकदाही घरी राहिला नाही, त्याला गावात धरायचं नाही. तो जिथं असेल तिथं मोजला जाईल. अधूनमधून घरी येऊन गेला असेल, तर मात्र घरीच धरायचं.

त्या वर्षी प्रगणक गुरुजींना गल्ली दाखवायला मी बरोबर फिरत होतो. एका घरी सोप्यात आजी सूप घेऊन जोंधळं पाखडत बसल्या होत्या. गुरुजींनी विचारलं, घरात माणसं किती? आजींनी सूप बाजूला ठेवलं आणि बोटं मोजत म्हणाल्या, “आमी दोगं, थोरला, त्येची बायकू, दोन नातवंडं, आन् धाकला मुंबईला.” गुरुजींनी सहा लिहिलं. आजींनी कागदाकडं बघितलं. वाचता येत नव्हतं, पण पेन कुठं थांबलं ते त्यांना कळलं. “धाकल्याला लिवा की वो. त्येचं घर हेच हाय.” गुरुजींनी शांतपणे समजावलं की तो मुंबईत मोजला जाईल, त्याचं नाव कुठं जाणार नाही. आजींना ते पटलं नाही. आम्ही दाराबाहेर पडेपर्यंत त्या धाकट्याचं नाव सांगत होत्या.

नियमानं गुरुजींचंच बरोबर होतं. पण शाहूवाडी, भुदरगड, आजरा, चंदगड या डोंगराकडच्या तालुक्यांत घराघरांतला असा एखादा धाकटा मुंबईच्या खात्यात जमा आहे. यात्रेला भरलेलं गाव आणि जनगणनेतलं गाव यांत फरक दिसतो तो त्यामुळंच.

ऊसतोडीला आलेली माणसं कुणाच्या गावात धरतात?

ती त्या वेळी जिथं खोपी घालून राहिली असतील तिथं. आपल्याकडं साखर कारखान्यांचा हंगाम फेब्रुवारीत जोरात असतो. बीडकडची कुटुंबं मुलाबाळांसकट इकडं असतात. म्हणून शिरोळ, हातकणंगले, कागल या पट्ट्यातल्या काही गावांचा आकडा थोडा वर सरकतो आणि तिकडं त्यांच्या मूळ गावाचा खाली येतो. त्यांच्या खोपी मोजणीतून सुटू नयेत. हे पाहणं यजमान गावाचंही काम आहे असं मला वाटतं. ती माणसं वर्षातला अर्धा काळ आपल्या उसासाठी झिजतात.

आमची वाडी एवढी मोठी, तरी जनगणनेच्या यादीत तिचं नावच नाही. असं का?

जनगणना महसुली गाव मोजते. ज्याला स्वतःची शिव आहे, स्वतःचे गट नंबर आहेत, ज्याचं दप्तर तलाठ्याकडं वेगळं आहे, ते महसुली गाव. वाडी, वस्ती, धनगरवाडा हे सगळे ज्या गावच्या शिवेत असतील, त्याच्या आकड्यात मिसळून जातात. डोंगरी तालुक्यांत एका महसुली गावाला पाच-सहा वाड्याही असतात आणि मूळ गावठाणापेक्षा वाड्यांतच जास्त माणसं राहतात.

प्रत्येक महसुली गावाला जनगणनेचा सहा आकडी संकेतांक असतो. तो एकदा लिहून ठेवा. आपल्याकडं एकाच नावाची गावं बरीच आहेत, नावावरून शोधायला गेलात तर दुसऱ्याच गावाची माहिती हाती येते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा संकेतांक २७ आणि कोल्हापूर जिल्ह्याचा ५३० आहे.

उलट प्रकारही असतो. नकाशावर शिव आहे, शेती आहे, पण राहायला कुणीच नाही. अशा गावाला दप्तरात बेचिराख गाव म्हणतात.

गट ग्रामपंचायत म्हणजे काय?

दोन-तीन लहान गावं किंवा वाड्या मिळून एक ग्रामपंचायत. महसूल दप्तर वेगवेगळं राहतं, ग्रामपंचायत एकच. म्हणून जनगणनेतला ‘गावाचा’ आकडा आणि ‘ग्रामपंचायतीचा’ आकडा यांत गोंधळ करू नका. निधीचा विषय असेल तर ग्रामपंचायतीचा आकडा बघायचा.

ग्रामपंचायतीत सदस्य किती, हे कशावर ठरतं?

सरळ लोकसंख्येवर. १५०० पर्यंत ७ सदस्य, ३००० पर्यंत ९, ४५०० पर्यंत ११, ६००० पर्यंत १३, ७५०० पर्यंत १५ आणि त्याच्या पुढं कितीही मोठं गाव असलं तरी १७. निम्म्या जागा महिलांना. सरपंच सध्या थेट मतदारांतून निवडला जातो. ही पद्धत २०१७ ला आली, २०२० ला बंद झाली आणि २०२२ ला पुन्हा सुरू झाली. उपसरपंच मात्र सदस्यांतूनच होतो.

लोकसंख्येवर गावाला पैसा मिळतो का?

हो. आणि हा प्रश्न लोक फार कमी विचारतात याची मला खंत आहे. केंद्राच्या वित्त आयोगाचा निधी ग्रामपंचायतींना वाटताना मुख्य माप लोकसंख्येचंच असतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात, म्हणजे २०२५-२६ पर्यंत, राज्यात आलेल्या या निधीचा ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना आणि उरलेला १०-१० टक्के पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला, अशी वाटणी होती. त्यातला ६० टक्के पैसा ‘बंधित’, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा. ४० टक्के ‘अबंधित’, गावच्या गरजेप्रमाणं. अबंधित असला तरी त्यातून पगार देता येत नव्हते.

गटारीचं काम का थांबलं, असं विचारायला जाताना आधी विचारा: पैसा बंधित होता की अबंधित? आराखड्यात काम घेतलं होतं का? एवढं विचारलं की समोरचा माणूस फाइल उघडतो.

आशा, अंगणवाडी, दवाखाना हेही लोकसंख्येवरच का?

बरंचसं. साधारण १००० लोकांमागं एक आशा. अंगणवाडीला ४०० ते ८०० लोकसंख्येचं माप आहे. आरोग्य उपकेंद्र सपाटीवर ५००० आणि डोंगरी भागात ३००० लोकांमागं, प्राथमिक आरोग्य केंद्र अनुक्रमे ३०,००० आणि २०,००० मागं. शाळेला अंतराचं माप आहे: पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत, आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत. गगनबावड्यात किंवा राधानगरीच्या वरच्या अंगाला पावसाळ्यात चालून बघा, तिथला एक किलोमीटर शिरोळच्या एका किलोमीटरएवढा नसतो. माझ्या मते डोंगरी भागाला दिलेली सवलत अजून वाढायला हवी.

तलाठी आणि ग्रामसेवक यांत फरक काय? कुणाकडं कशाला जायचं?

सगळ्यांत जास्त हेलपाटे याच घोळामुळं होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तलाठी महसूल खात्याचा. त्याची साखळी अशी: गाव, सजा (एका तलाठ्याकडची गावं), मंडळ (काही सजांचा गट), मग तहसीलदार, प्रांत (उपविभागीय अधिकारी) आणि कलेक्टर. जमिनीचं सगळं त्याच्याकडं. सातबारा, आठ-अ, वारस नोंद, फेरफार (जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद), पिकांचे पंचनामे. फेरफार तलाठी लिहितो, पण मंजूर मंडळ अधिकारी करतो. हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस असते, ती संपायच्या आत चौकशीला जाऊन उपयोग नाही.

ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा. त्याची साखळी: ग्रामपंचायत, पंचायत समितीतले गटविकास अधिकारी, जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती, जन्म-मृत्यू नोंद, घरकुल, ग्रामसभेचं इतिवृत्त हे त्याच्याकडं.

अलीकडं नावं बदलली आहेत. तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. अर्जावर नवं नाव लिहा, बोलताना जुनं चालतं.

आता खरी गोम. ‘आठचा उतारा’ म्हणून दोन कागद आहेत. तलाठ्याकडचा आठ-अ, त्यात तुमच्या खात्यावर गावात एकूण किती जमीन आहे ते असतं. ग्रामपंचायतीकडचा नमुना ८, त्यात तुमच्या घराची आकारणी असते. बँकेनं ‘आठ-अ आणा’ म्हटलं आणि माणूस ग्रामपंचायतीतून घराचा उतारा घेऊन गेला, असं माझ्यासमोर कितीदा तरी झालंय. शेतीचं कर्ज असेल तर तलाठ्याकडचा, घराचा विषय असेल तर ग्रामपंचायतीचा. आणि नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे. नुसत्या त्या कागदावर मालकी सिद्ध होत नाही, हेही ध्यानात ठेवा.

तलाठी हे पद आपल्या कोल्हापुरात एका मोठ्या निर्णयातून आलं. पिढ्यान् पिढ्या गावचं दप्तर वतनदार कुलकर्ण्याच्या घरात असायचं. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली संस्थानातली कुलकर्णी वतनं रद्द करून पगारी तलाठी नेमले. कुळाचं नाव कागदावर आहे की नाही हे कुळालाच कळत नव्हतं, त्या काळात हे केवढं मोठं पाऊल होतं! आज सातबारा मोबाइलवर दिसतो, तेव्हा मला दर वेळी ते आठवतं.

पोलीस पाटील सरपंचाच्या हाताखाली असतो का?

नाही. पोलीस पाटलाची नेमणूक महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ प्रमाणं प्रांत कार्यालयाकडून होते. गावात अपघात, संशयास्पद मृत्यू, भांडण झालं की पोलीस ठाण्याला कळवणं त्याचं काम. सरपंच त्याला काढू शकत नाही.

तालुक्याचं ठिकाण म्हणजे शहरच असतं का?

आपल्या जिल्ह्यात बारा तालुके आहेत आणि इथं मोठी विविधता आहे. करवीरचं तहसील कोल्हापूर शहरातच. भुदरगड तालुक्याचा कारभार चालतो गारगोटीतून, भुदरगड हा किल्ला. राधानगरी आणि गगनबावडा इथं आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांचा सगळा कारभार गावासारख्या गावातून चालतो. आजरा, चंदगड, हातकणंगले इथं आता नगरपंचायती झाल्या आहेत.

तालुक्याच्या गावाची खरी लोकसंख्या जनगणनेत दिसत नाही. सकाळी अकराला एसटी लागली की दाखल्यासाठी आलेली, कोर्टात तारीख असलेली, दवाखान्याला आलेली माणसं उतरतात आणि चार तासांत गाव दुप्पट झाल्यासारखं वाटतं. त्यांना लागणारं पाणी, स्वच्छतागृह, बसायला सावली यांचा भार त्या गावावर पडतो. निधीच्या मापात ही माणसं कुठंच धरली जात नाहीत, आणि ती धरली पाहिजेत.

बाळाचा जन्म कोल्हापूरच्या दवाखान्यात झाला. नोंद आमच्या ग्रामपंचायतीत होईल का?

होणार नाही. जिथं जन्म झाला तिथंच नोंद होते. शहरात जन्म असेल तर महापालिकेत, गावात असेल तर ग्रामपंचायतीत. मुदत २१ दिवस. त्यानंतर उशिराची फी, महिना उलटला की वरच्या अधिकाऱ्याची परवानगी, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. बाळाचं नाव ठरलं नसेल तरी नोंद करून घ्या, नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं.

माझ्या भाचीच्या वेळी आम्ही फसलो. दवाखान्यानं फॉर्म भरून पाठवतो म्हणून सांगितलं आणि तो वेळेत गेलाच नाही. गेला तेव्हा आईच्या नावात चूक. ती दुरुस्त करायला बहिणीला तान्ह्या बाळाला घेऊन तीनदा जावं लागलं, दोनदा भर पावसात. म्हणून सांगतो, दवाखान्यातून घरी सोडायच्या आधी फॉर्मवरची सगळी नावं आधार कार्डाशी लावून बघा. मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

पूर आला की कोणती लोकसंख्या धरतात?

जनगणनेची नाही. घर बघून पंचनामा होतो आणि मदत कुटुंबाच्या हिशेबानं येते. इथंच भांडणं होतात: एका घर नंबरात दोन भावांच्या दोन चुली, पण रेशन कार्ड एकच. २००५, २०१९ आणि २०२१, तीन महापूर प्रयाग चिखली आणि आंबेवाडीनं सोसले. अशा नदीकाठच्या गावांत माझं सांगणं एकच, वेगळे राहत असाल तर रेशन कार्ड आणि घरपट्टीची नोंद पावसाळ्याआधी वेगळी करून घ्या.

आमचं गाव शहराच्या हद्दीत गेलं तर काय बदलेल?

ग्रामपंचायत संपते आणि सरपंचाऐवजी नगरसेवक येतो. ग्रामसभा राहत नाही. जिल्हा परिषदेच्या योजना सुटतात, करांचे दर महापालिकेचे लागतात. सातबारा आणि तलाठी मात्र लगेच कुठं जात नाहीत. कोल्हापूरच्या हद्दवाढीचा वाद जुना आहे, गावांचा विरोधही जुना. मधला मार्ग म्हणून २०१७ साली ४२ गावांसाठी कोल्हापूर क्षेत्र विकास प्राधिकरण झालं. या गावांत ग्रामपंचायत आहेच, पण बांधकामाची परवानगी प्राधिकरणाकडून घ्यावी लागते. प्लॉट घेण्याआधी गाव त्या ४२ मध्ये आहे का, ते नक्की विचारा.

ग्रामसभेला जाऊन खरंच काही होतं का?

होतं. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. गणपूर्तीला, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीला, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांत जो आकडा कमी असेल तो.

शिरोळ तालुक्यातलं हेरवाड डोळ्यांसमोर आणा. ४ मे २०२२ ला त्या गावानं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. पंधरवड्याच्या आत राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. एका गावाच्या ठरावाचं वजन एवढं असतं. इतिवृत्तात तुमचा मुद्दा लिहिला गेला का, हे सभा संपायच्या आधी वाचून घ्या. तोंडी बोललेलं नंतर कुणाला आठवत नाही.

जनगणनेत सांगितलेली माहिती करासाठी किंवा रेशन कापायला वापरतील का?

नाही. जनगणना अधिनियम, १९४८ प्रमाणं वैयक्तिक माहिती गुप्त राहते. कोर्टातसुद्धा पुरावा म्हणून ती मागता येत नाही. बिनधास्त खरं सांगा.

गावचा आकडा चुकलाय असं वाटतं. दुरुस्त करता येतो का?

जाहीर झालेला जनगणनेचा आकडा गावाच्या अर्जानं बदलत नाही. जे करायचं ते मोजणीच्या आधी. सुटतात ती घरं ठरलेली: मळ्यातली, ओढ्यापलीकडची, धनगरवाड्याची, नव्या प्लॉटमधली, वीटभट्टीवरची. अशा वस्त्यांची यादी ग्रामसभेत वाचून घ्या, प्रत्येक वस्तीपुढं तिथल्या एका माणसाचा फोन नंबर लिहा आणि प्रगणक गावात आला की त्याच्या हातात द्या. मळ्याची वाट माहीत असलेला एक तरुण त्याच्याबरोबर पाठवा. घराचा नंबर दारावर नसेल तर ग्रामपंचायतीला सांगून तो आधीच रंगवून घ्या.